काच हातानं फिरवायची गाडी

बाळकुमला कोणाच्या हळदीला गेलात आणि माइकवर तुमचं नाव पुकारलं गेलं नाही, तर तुम्ही गेलाच नव्हतात असं समजायचं. पोटभर जेवलात, आहेर केलात, बेंजोवर नाचून गुडघे धरलेत, तरीसुद्धा. मांडवाच्या तोंडाशी आनंदा माइक घेऊन उभा असतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आगरी समाजातल्या निम्म्या हळदींना निवेदक म्हणून हाच. त्याची नजर पाहुण्याच्या चेहऱ्यावर कधीच नसते, गाडीवर असते. बाइकवरून आलेला ‘आमचे मित्र’. साध्या गाडीतून उतरलेला ‘सन्माननीय’. आणि ज्या गाडीचं चाक आनंदाच्या कमरेला लागतं, तिचा मालक ‘दानशूर, समाजभूषण, युवकांचे प्रेरणास्थान’.

कमलेश शेट भोईर पन्नाशी ओलांडूनही युवकांचे प्रेरणास्थान होते, ते असे.

शेटच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता आमचं संकुल आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे हिशेबानं त्यांच्या शेताच्या वर हवेत. शेटनी जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांपैकी एक मला विकला, आणि तेव्हापासून ते मला ‘आमचे साहेब’ म्हणतात, कारण मी पेपर वाचतो. माणूस दिलदार. फक्त गाडी हा विषय निघाला की त्यांचं थोडं लहान मूल होतं.

गाडी होतीही तशीच. रंग गडद निळा. कंपनीच्या पुस्तकात त्याला मध्यरात्रीशी संबंधित काहीतरी नाव होतं, बाळकुमात तिला ‘काळी’ म्हणायचे. आत टीव्हीएवढा पडदा. गाडी इंग्रजीत बोलायची, स्वतः ब्रेक लावायची, आणि तिचं छत उघडायचं. ते छत शेटनी आयुष्यात एकदाच उघडलं होतं. शेजारी बसलेल्या त्यांच्या आईनं, बायजाबाईंनी, वर आभाळ बघून “पत्रा उराला रे, कमल्या!” असा हंबरडा फोडला, तेव्हापासून ते बंद.

बायजाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीचे आणि लग्नाचे विधी धवलारीण धवला, म्हणजे विधीचं गाणं, गाऊन लावते. भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण आल्याशिवाय हळदीच्या वाटीत कोणी बोट बुडवत नाही. ती एकेका देवाला गाण्यातून आमंत्रण देते, नवरा-नवरीची, मामा-काकांची, गावाची नावं त्यात ओवते. बायजाबाईंनी बाळकुम, दिवा, कल्याण अशा पट्ट्यात किती संसार गाऊन उभे केले असतील, त्यांनाही सांगता येणार नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण आवाज असा की मांडवातला साउंडवाला आपणहून बटण खाली करतो.

या आवाजाचं आणि त्या गाडीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. बायजाबाई पुढच्या सीटवर मांडी घालून बसायच्या, मांडीवर हळदीचं सूप. पट्टा लावायचा तर सूप कुठे ठेवायचं? पट्टा नाही म्हणून गाडी टुंग टुंग करायची. वाटेत गळा मोकळा करायला त्या दोन ओळी म्हणायच्या, की गाडी इंग्रजीत सांगायची, मला समजलं नाही, पुन्हा बोला.

“काय बोलते रं ही?”

“आये, ती बोलते तिला समजला नाय.”

“मंग तिला कोनी इचारला? तिचा लगीन हाय का?”

तरी लेकाची हौस म्हणून म्हातारी बसायची. पण मागच्या तुळशीच्या लग्नानंतर कल्याणला एक हळद होती, आणि तिथे जे घडलं त्यानं सगळंच बिनसलं.

गाडीतून धवलारीण निघते तेव्हा गाडीला हार घालायचा, ही भोईरांची पद्धत. शेटच्या पत्नी कल्पितावहिनी कुठलीच गोष्ट बारीक करत नाहीत. त्यांनी कल्याणच्या फुलबाजारातून झेंडूचा हार मागवला, तो मिरवणुकीतल्या हत्तीलाही जड झाला असता. तो एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, मधे कंपनीच्या चिन्हावरून, असा गच्च बांधला. गाडीचा समोरचं बघायचा डोळा नेमका त्या चिन्हात.

बाळकुमच्या गल्लीत गाडी हळू होती तोवर ठीक होतं. कशेळीच्या पुलावर शेटनी वेग घेतला आणि वाऱ्यानं हार फडफडला. गाडीला वाटलं, समोर कोणीतरी आहे. तिनं खाडीच्या मधोमध करकचून ब्रेक मारला. सूप डॅशबोर्डवर, हळद पडद्यावर. पुन्हा सुरू केली, पुन्हा ब्रेक. मागे भिवंडीचे ट्रक भोंगे वाजवायला लागले. शेटनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, “सर, समोरचा अडथळा दूर करा.”

समोर तर पूल मोकळा. शेट उतरून पुढे चालत गेले, वाकून रस्ता पाहिला. मुलगा प्रीतम पार पुलाच्या टोकापर्यंत जाऊन आला. एक दगड सापडला, तो खाडीत टाकला. गाडी हलेना. हाराकडे सगळ्यांनी पाहिलं, पण नमस्कार करण्यापुरतं. मंगलकार्याचा हार वाटेत काढता येतो, हे त्या घरात कोणाला सुचणंच शक्य नव्हतं. शेवटी उचलून नेणारा ट्रक आला. हारासकट गाडी त्यावर चढली आणि विसर्जनाला निघाल्यासारखी मार्गस्थ झाली. एका रिक्षावाल्यानं हात जोडले.

त्याच रिक्षातून बायजाबाई कल्याणला पोचल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या आणि थबकल्या. मांडवातून धवला ऐकू येत होता. आवाज त्यांचाच होता.

झालं असं की वाट पाहून मंडळी कंटाळली. सिद्धेश नावाच्या कोणा उत्साही भाच्याच्या फोनमध्ये बायजाबाईंचं बाळकुमच्या एका हळदीतलं रेकॉर्डिंग होतं. त्यानं ते डीजेला जोडलं आणि हळद उरकली. ती जुनी हळद कृतिका नावाच्या मुलीची होती. त्यामुळे समोर पाटावर बसलेल्या नवरीला डोक्यापासून पायापर्यंत कृतिकाच्या नावानं हळद लागली, कृतिकाच्या मामाची स्तुती झाली, आणि देवांना बाळकुमचा पत्ता गेला. नवरी बिचारी कोणाची हळद आपल्याला लागतेय म्हणून इकडेतिकडे बघत होती.

“मावशी, उशीर झाला तर काय टेन्शन नाय,” सिद्धेश म्हणाला, “तुमचाच आवाज लावला. सेम टू सेम.”

बायजाबाई जेवल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी सूप माळ्यावर टाकायला सांगितलं.

“मना आता कोनी बलवू नका. माजा आवाज फोनात हाय ना? तो न्या. मी घरीच बरी.”

म्हातारी गप्प झाली, आणि भोईरांचं घर एकदम म्हाडाच्या ऑफिससारखं शांत झालं. आधी पहाटे पाणी भरताना गाणं, मासे साफ करताना गाणं; आता नुसता मिक्सर. कंपनीनं हार काढून, “आता प्रॉब्लेम नाही सर,” असं सांगून गाडी परत पाठवली. बायजाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अशात दिव्याहून शेवंतीबाई आल्या. दोघी मिठागरातल्या मैत्रिणी. पोरवयात डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन ज्या ठेक्यात चालायच्या, त्याच ठेक्यात बायजाबाई अजून गातात. शेवंतीबाईंची नात रसिका, तिची हळद महिन्यावर आलेली.

“तू नाय आलीस त मी हलद लावू नाय देनार,” शेवंतीबाई म्हणाल्या. “फोन आनला त फोन खारीत टाकीन.”

“मी येईन. पन त्या गारीत नाय.”

“रिक्षा करू,” मी मधे बोललो. शेटनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला बैलगाडीतून न्यायला सांगतोय. कमलेश भोईरची आई रिक्षातून हळदीला? आनंदा काय पुकारील?

बायजाबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. फोटोत त्यांचे यजमान, धाकूशेट. मागे पांढरी मारुती, गावातली पहिली. “त्या गारीत कसा बरा होता. मांडी घाला, काच फिरवा, गाना बोला. ती गारी कवा मधे बोलली नाय.”

शेट उठले. म्हणाले, “साहेब, चला. पांढरी मारुती शोधायची.”

धाकूशेटची मारुती कधीच भंगारात गेली होती. पण डोंबिवली पश्चिमेला सुधीर फणसळकर नावाच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे अगदी तशीच एक असल्याचं कळलं. मला सोबत न्यायचं कारण शेटनी स्पष्ट सांगितलं. “ते तुमच्या भाषेतले आहेत. मी काय बोललो नि डील फिसकटली तर?” बिल्डरांना घाम फोडणारा हा माणूस माणकोलीच्या पुलावर मला विचारत होता, “शर्ट ठीक आहे ना? चेन आत घालू?”

फणसळकरांच्या घरी आम्हाला बसवून पोहे देण्यात आले. गाडी खाली पत्र्याच्या शेडमध्ये, अंगावर शिवलेली खोळ. पण आधी आम्हाला पाहण्याचा कार्यक्रम होता, मग गाडीला.

“आपल्याकडे गाडी सावलीत राहील ना?” सुधीरराव म्हणाले.

“हो, राहील.”

“घरात कोणाला तंबाखू? गाडीत बसून खाणं वगैरे?”

“नाय हो. म्हणजे नाही.”

“चालवणार कोण?”

“मी स्वतः. आईला न्यायला.”

इथे आतून काकू बाहेर आल्या आणि शेटच्या बशीत आणखी पोहे वाढले. मी ओळखलं, पसंती झाली. शेटनी उत्साहात सांगितल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले, तेव्हा मात्र सुधीरराव दुखावले. “मी गाडी देतोय, भोईर. विकत नाहीये.” मग त्यांनी तिचा स्वभाव सांगितला. “सकाळी पहिल्या किल्लीला ती सुरू होत नाही. दुसऱ्या किल्लीला होते. रागवायचं नाही तिच्यावर.”

निघताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि पटकन घरात गेले. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावून आमच्या हाती नारळ दिला. पुढे दर रविवारी सुधीररावांचा फोन यायचा, कशी आहे, रुळली का, एकदा घेऊन या.

पांढरी मारुती बाळकुमात शिरली आणि तासाभरात कमलेश भोईर बुडाले. आमच्या संकुलाच्या गेटवर, म्हणजे शेटच्या बापाच्या बांधावर, नव्या वॉचमननं त्यांना अडवलं, “व्हिजिटर पार्किंग बाहर है.” संध्याकाळी पोपट इस्टेट एजंट हळू आवाजात येऊन गेला. “शेट, अडचण काय कोणाला चुकली नाय. दोन फ्लॅट गुपचूप काढून देतो. आणि ती काळी… काढायची असली तर पहिलं मला सांगा.” कल्पितावहिनींनी नवा गॉगल घेतला, इतका मोठा की तोंडच दिसू नये. “तुमच्या आईची हौस, मान्य,” त्या शेटना म्हणाल्या, “पण दिव्याच्या हळदीला सगळा समाज येणार. माझ्या माहेरचे येणार. आनंदा माइकवर असणार. मी त्या डब्यातून उतरणार नाय.”

उलट बायजाबाई. त्यांनी मारुतीचं दार उघडलं, मांडी घातली, काच गरागरा खाली फिरवली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पट्टा समोर बांधून झाल्यावरही त्याच्या वरून सूप मांडीवर बसतं हे पाहिलं. आणि मग, इतक्या दिवसांनी, खिडकीतून खाडीकडे बघत दोन ओळी म्हटल्या. गाडी मधे काही बोलली नाही.

शेटची अशी दोन्हीकडून ओढाताण. आईला मारुती हवी, बायकोला काळी, आणि खरं सांगायचं तर स्वतः शेटना माइकवर आपलं नाव हवं. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. तो ऐकून मला त्यांच्या बुद्धीचं आणि भाबडेपणाचं एकदमच कौतुक वाटलं. प्रीतमला गिअरची गाडी येत नाही, त्याच्या पिढीला डावा पाय कशासाठी असतो हेच माहीत नाही. म्हणून मारुती शेट चालवणार. टोपी घालून, मान खाली, ड्रायव्हरसारखं आत जायचं, आईला मांडवात उतरवायचं, तसंच बाहेर यायचं. गावाबाहेर काळीत प्रीतम आणि कल्पितावहिनी थांबलेले. तिथे टोपी काढायची, चेन बाहेर काढायची, काळीत बसायचं आणि पुन्हा आत शिरायचं.

“एकदा आईचा पोरगा म्हणून, एकदा शेट म्हणून,” ते म्हणाले. “दोन्ही मान राहतात.”

दिव्याला निघालो. मारुतीत पुढे बायजाबाई आणि सूप, मागे मी आणि नारळांचं पोतं. पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही. शेट रागावले नाहीत. शिळफाट्यावर गरम हवेत काच खाली करून म्हातारीनं जो आवाज लावला, तो ऐकून शेजारच्या टेम्पोवाल्यानं आपली गाणी बंद केली. मागून काळी येत होती, काचा बंद, आत एसी आणि गॉगल.

दिवा म्हणजे नव्या इमारती जुन्या गावाच्या अंगावर येऊन उभ्या राहिलेल्या. शेवंतीबाईंच्या घराकडे जाणारी गल्ली एका ठिकाणी इतकी चिंचोळी की एका इमारतीचा जिना रस्त्यातच उतरलाय आणि समोर पाण्याच्या टाक्या. मारुती त्या जिन्याच्या आणि टाक्यांच्या मधून पोट आत घेऊन अलगद निघाली. मांडवाजवळ बायजाबाई उतरल्या. शेवंतीबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं. शेटनी टोपी आणखी खाली ओढली आणि गाडी वळवली.

पण बाहेर जायला वाट नव्हती. वाटेत काळी उभी होती.

गावाबाहेर थांबायचं ठरलेलं, पण कल्पितावहिनींनी लांबून आनंदाचा आवाज ऐकला, “मान्यवर येण्यास सुरुवात झालेली आहे,” आणि त्यांना राहवलं नाही. “प्रीतम, घाल आत. तुझे पप्पा येतील चालत.” प्रीतमनं घातली. जिना आणि टाक्या यांच्या मधोमध गेल्यावर गाडीनं चारी बाजूंनी लाल दिवे दाखवले, आरसे मिटले आणि ब्रेक लावून घेतला. पुढे जाईना, मागे येईना. तिच्यामागे एकामागून एक सगळे समाजभूषण येऊन अडकले. गल्लीभर चाकं कमरेएवढी आणि मांडवात फक्त चालत आलेली माणसं.

“पप्पा,” आतून प्रीतमचा बारीक आवाज, “गाडी बोलते चारी बाजूंनी धोका!”

“तिला बोल, पाचवी बाजू पन हाय,” शेट टोपी फेकत म्हणाले. “वरची उघड!”

दारं उघडायला बोटभर जागा नव्हती. आणि मग ते छत, बायजाबाईंच्या हंबरड्यानंतर कधीही न उघडलेलं, हळूहळू सरकलं. आधी गॉगल वर आला. मग अंबाड्यातला गजरा. मग नऊवारी, पाटल्या, ठुशी आणि तोंडाचा पट्टा. “लोकांचे नवरे गाडी घेतात बायकोला बसवायला! माझ्यानं घेतली ती बरणीत घालायला! हात द्या! हसताय काय?” शेट बॉनेटवर चढले होते, दोन्ही हात पसरून. साहेब म्हणून मी टाकीवर उभा राहून नऊवारीचा काष्टा कुठे अडकतोय ते सांगत होतो.

इकडे मांडवात आनंदाची पंचाईत. पुकारायला एकही गाडी नाही. समोर दिसत होती ती एकटी पांढरी मारुती. त्यानं घसा साफ केला. “आपल्यामध्ये उपस्थित झालेल्या आहेत, बाळकुमच्या सुप्रसिद्ध धवलारीण, बायजाबाई धाकू भोईर! सर्वांनी मारुतीला वाट द्यावी!” मग त्याची नजर गल्लीत वर गेली. जन्मभर गाड्या बघून विशेषणं वाटणारा माणूस. छतातून निघणाऱ्या पाहुण्याला काय म्हणायचं, हे त्याला सुचेना. माइक नुसता खरखरत राहिला.

ती शांतता बायजाबाईंनी घेतली. सूप पुढे ओढून त्यांनी सुरुवात केली. देव एकेक करून बोलावले, शेवंतीचं नाव घेतलं, रसिकाचं घेतलं, दिव्याच्या पाण्याच्या टाक्यांनाही आमंत्रण दिलं. रसिकाला हळद लागली ती रसिकाच्याच नावानं. आणि मग त्यांनी मान वळवून गल्लीकडे पाहिलं आणि त्याच चालीत ओवलं,

“सून माजी आली गो, आभालातून आली गो,
लेक माजा कमलेश, झेलाया उबा गो…”

मांडव फुटला. बायका टाळ्या देऊन देऊन हसल्या. कल्पितावहिनी तेव्हा एक पाय छतात आणि एक शेटच्या खांद्यावर अशा होत्या. त्यांनी गॉगल काढला. सगळा समाज, सगळं माहेर बघत होतं, आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसू आवरत होत्या. आवरलं नाही.

“हे फोनमधे नाय हां कुठं,” सिद्धेश माझ्याशेजारी पुटपुटला. तो पण आलेला. त्याचा फोन खिशात होता. शेवंतीबाई खाडीच्या दिशेनं बोट दाखवून गेल्या होत्या.

काळी गल्लीतून दुसऱ्या दिवशी निघाली. त्या दिवशी आम्ही सगळे मारुतीतून परतलो. कल्पितावहिनी मागे नारळांच्या रिकाम्या पोत्यावर, गुडघे हनुवटीला. मुंब्र्याचा घाट उतरताना त्यांनी काच खाली फिरवली, वारा घेतला आणि म्हणाल्या, “विका ती.”

“काय?”

“काळी. विका. मी काय दर हळदीला छतातून निघू?”

काळी पोपटनं घेतली. आता तो युवकांचे प्रेरणास्थान आहे, आणि खरंच तरुण असल्यामुळे त्याला शोभतं. कशेळीच्या पुलावर दोनदा थांबला होता म्हणतात. हार काढ असं शेटनी त्याला सांगितलं, पण त्याला ते अशुभ वाटतं.

शेटचं नाव माइकवर आता पुष्कळ खाली येतं. ‘सन्माननीय’मध्ये. पहिल्या एक-दोन हळदींत मी त्यांना कान टवकारून बसलेलं पाहिलं. पण मारुतीला पोरं थेट मांडवाच्या खांबापर्यंत आणतात, दोर सोडून, खुर्च्या बाजूला करून, कारण धवलारीण तिच्यातून उतरते. परवा कल्याणहून बोलावणं आलं. त्या कृतिकाच्या नावानं हळद लागलेल्या मुलीचं बारसं आहे, म्हणजे तिच्या बाळाचं. तिच्या सासूनं निरोप धाडला, या वेळी आवाज नको, मावशीच पाठवा. नाहीतर पोराला कोणाचं नाव लागेल सांगता येत नाही.

बायजाबाई मांडी घालून बसल्या, सूप घेतलं, काच खाली केली. शेटनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

“तिच्यावर वरडू नको,” म्हातारी म्हणाली, आणि दुसऱ्या किल्लीची वाट न बघताच गायला लागली.